साहेबांच्या आधीचा घास

कंपनी विठ्ठलला पेरू देशात पाठवणार म्हटल्यावर कुवेतच्या अब्बासिया वस्तीतल्या कामगारांच्या खोलीत दोन दिवस हसणं चाललं होतं. पलीकडच्या खाटेवरचा हरिश्चंद्र सुतार म्हणाला, लोक पेरू खातात, हा पेरूत जाऊन काय खाणार. विठ्ठलही हसला, पण त्याला जायचं नव्हतं. वय चोपन्न, गुडघे कुरकुरत होते. एक्याऐंशी साली तो गुहागरकडून कुवेतला कंपनीच्या यार्डात फिटर म्हणून आला. नव्वदच्या लढाईत जॉर्डनच्या वाळवंटातून नेसत्या कपड्यांनिशी घरी पोहोचला, आणि ब्याण्णवला पुन्हा त्याच यार्डात कामाला लागला. कंपनीला नाही म्हणायची त्याला सवयच राहिली नव्हती.

कंपनीनं तिकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला मोठा कॉम्प्रेसर विकत घेतला होता. तो सुटा करून, पेट्यांत भरून जहाजावर चढवायचा. त्यासाठी दोघं निघाले: पुण्याचे तरुण इंजिनियर परीक्षितसाहेब आणि विठ्ठल. साल दोन हजार पाच.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर ते समुद्राकाठच्या एका बंदराच्या गावात पोहोचले. सगळीकडे वाळू, धूळ आणि मासळीचा वास. राहायची सोय एल्विरा नावाच्या साठीच्या बाईच्या घरी होती. स्वयंपाकही तीच करायची. तिची भाषा या दोघांना येत नव्हती, आणि परीक्षितसाहेब जन्माचे शाकाहारी. पहिल्याच दिवशी पिवळ्याधमक बटाट्याचा थरांचा गोळा ताटात आला. वड्याचं सारणच जणू. साहेबांनी खुशीत चमचा घातला, तर मधल्या थरात मासा निघाला. त्यांनी ताट सरकवलं ते सरकवलंच.

त्या दिवसापासून नवीनच रीत पडली. समोर काही आलं की साहेब म्हणायचे, "काका, जरा बघा ना." मग विठ्ठलनं आधी घास घ्यायचा, जिभेवर घोळवायचा आणि निकाल द्यायचा. चीज आणि पिवळ्या मिरचीच्या रसातला बटाटा, चालेल. हिरवा भात, नको, त्यात बदक आहे. भाजलेले मक्याचे टपोरे दाणे, चालतील. जांभळ्या मक्याचं लवंग-दालचिनी घातलेलं सरबत, घ्या खुशाल. दिवसभर नटबोल्टांशी झुंजून हात भरून आलेले असायचे, भूक लागलेली असायची, आणि तरी पहिले चार घास साहेबांचे. त्याचं स्वतःचं जेवण सुरू होईपर्यंत ते निवून जायचं.

एका गोष्टीची चव मात्र त्यानं स्वतःसाठी घेतली. एल्विरा ताज्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवून, वर कांदा-मिरची घालून तसेच वाढायची, विस्तव न दाखवता. मासा सुरमईचा सख्खा भाऊ वाटावा असा, अंगावर सोनेरी ठिपके. कोकणातल्या माणसानं कच्चा मासा खायचा म्हणजे काय, असं म्हणून आठवडाभर त्यानं तो टाळला. आठव्या दिवशी चूल पेटेपर्यंत बसून राहायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून खाल्ला. लिंबानं मांस पांढरं, घट्ट झालं होतं. सोबत उकडलेलं रताळं. त्यानं मान खाली घालून सगळं संपवलं आणि एल्विरानं न विचारता पुन्हा वाढलं.

त्याच आठवड्यात रस्त्यावर एक माणूस निखाऱ्यांवर सळया भाजत होता. सळईच्या टोकाला बटाटा होता, तेवढाच साहेबांना हवा होता. मधे काय आहे ते बघा म्हणाले. विठ्ठलनं तुकडा तोंडात टाकला. मऊ, आंबट-तिखट. बकऱ्याची कलेजी असावी असं वाटून त्यानं गिळला. मग खुणेनं विचारलं, तर विकणाऱ्यानं आधी स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि मग दोन बोटं कपाळावर शिंगांसारखी धरली. बैलाचं काळीज. विठ्ठल बाजूला गेला, नळावर बराच वेळ चुळा भरत राहिला. रात्री झोप लागली नाही. घरी गोठ्यात त्यानं बैल सांभाळले होते, दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या पाया पडला होता. दुसऱ्या दिवशी काम करताना त्यानं ते साहेबांना सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, जाऊ द्या काका, माझ्यामुळे झालं, कुणाला कळणार नाही.

मग साहेब आजारी पडले. पाणी बाधलं असावं. तीन दिवस पोटात काही ठरेना. डॉक्टर येऊन पुड्या देऊन गेला. विठ्ठलनं पेज करून पाजली, तीही उलटून पडली. ओठ सुकले, डोळे आत गेले. तिसऱ्या दिवशी एल्विरानं वाफाळलेला वाडगा आणला. पिवळसर पाणी, त्यात बटाटा, मका, वर हिरवी पानं. विठ्ठलनं स्वयंपाकघरात तिला अडवून विचारलं, यात काय? तिनं कोपर हलवून पंख फडफडवून दाखवले.

विठ्ठल वाडगा घेऊन दारात उभा राहिला. साहेबांनी डोळे न उघडता विचारलं, "काका, चालेल ना?"

"चालेल," विठ्ठल म्हणाला.

चमच्याचमच्यानं सगळं पोटात गेलं आणि राहिलं. संध्याकाळी साहेब उठून बसले. पुढचे दोन दिवस तेच सूप.

कुवेतला परतल्यावर महिन्याभरानं एका शुक्रवारी साहेबांनी त्याला एगैला भागातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. विठ्ठलनं इस्त्रीचा शर्ट घातला, बकाल्यातून, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, मुलीसाठी चॉकलेटं घेतली आणि दोन बस बदलून दुपारी पोहोचला. साहेबांची बायको योगिनी, लहान मुलगी ओवी, आणि शहराच्या सबाह अल-सालेम भागातून आलेलं एक ओळखीचं जोडपं, विजय आणि लीना. पुरणपोळ्यांचा बेत होता. विठ्ठलला टेबलाच्या मधोमध बसवलं.

जेवताना साहेब रंगात आले. पेरूच्या गोष्टी सुरू झाल्या. काका माझे टेस्टर होते, आधी काका खायचे मग मी, असं सांगून झालं. आणि मग ते म्हणाले, "सांगू का? काकांनी तिकडे बैलाचं काळीज खाल्लं." त्यांनी छातीवर थाप मारून, शिंगं करून दाखवली. विजय पोट धरून हसला. लीनानं "अरे देवा" म्हणत हसू दाबलं. ओवी इंग्रजीत किळस आल्याचं म्हणाली आणि विठ्ठलच्या ताटाकडे बघत राहिली.

विठ्ठलच्या हातात पोळीचा तुकडा होता. तो त्यानं तोंडात घातला, कारण हात परत ताटात न्यायला जास्त बळ लागलं असतं. राग येईल असं त्याला वाटलं होतं, पण आला तो नुसता थकवा.

"पण ते सूप," साहेब पुढे म्हणाले, "त्या सुपानं मी वाचलो. योगिनी, तसं सूप कुठे प्यायलो नाही. काका, काय होतं हो त्यात?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. एक शब्द पुरला असता. टेबलावरचं हसू जागच्या जागी थांबलं असतं.

"बटाटा होता," विठ्ठल सावकाश म्हणाला. "मका होता. कसला तरी पाला."

जेवणं झाल्यावर तो आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेला. योगिनी सिंकपाशी होती. तिनं ताट घेतलं, पण तो जायला वळला तसं तिनं हळू आवाजात विचारलं, "काका, नुसत्या बटाट्याच्या पाण्यानं माणूस उठून बसतो?"

तो परत वळला. "कोंबडी होती, वहिनी. मला माहीत होतं. तीन दिवस त्यांच्या पोटात थेंब टिकत नव्हता."

योगिनीनं नळ सोडला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "मी असते तर मीही पाजलं असतं," ती म्हणाली. "पण आता रोज ताट वाढताना मला ते आठवणार." मग हात पुसून तिनं एका डब्यात चार पोळ्या भरल्या आणि त्याच्या हातात दिल्या. मघाच्या हसण्याबद्दल ती काही बोलली नाही, पण डबा देताना तिनं मान वर केली नाही.

साहेब त्याला गाडीनं बसथांब्यापर्यंत सोडायला निघाले. बाहेर ऊन भाजून काढत होतं. गाडीत त्यांनी सांगितलं, नोव्हेंबरात पुन्हा पेरूला जायचं ठरतंय, दुसरं मशीन आहे. "काका, तुम्हीच हवेत. तुमच्याशिवाय मी तिथं जेवू शकत नाही."

"दुसऱ्या कुणाला न्या साहेब," विठ्ठल म्हणाला.

"का हो? मघाचं मनावर घेतलंत?"

"घेतलं," विठ्ठल म्हणाला. "पण त्याच्यासाठी नाही. माझ्यानं आता होत नाही."

साहेबांनी गाडी थांब्याशी लावली. विठ्ठल उतरताना त्यांनी "सॉरी काका" म्हटलं. विठ्ठलनं मान हलवली आणि दार लावलं.

बस यायला अर्धा तास लागला. मागच्या सीटवर बसताच त्यानं बूट सैल केले. चोवीस वर्षांत वरच्या माणसाला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. उद्या यार्डात आपलं काय होईल याचा विचार करायला हवा होता. पण बस बदलायची जागा येण्याआधीच त्याचा डोळा लागला, आणि उतरायचा थांबा मागे राहून गेला.