आठ दिवस थांबलेला अहवाल

मी एक प्रोग्राम बोलतोय. मला हात-पाय नाहीत, चेहरा नाही. संगणकाच्या पोटात काही हजार ओळींचा माझा संसार. माझं काम एकच, दुसऱ्या प्रोग्रामांच्या चुका काढणं. साहजिकच मी कुणाचा लाडका नाही.

मला एका संशोधक मुलीने लिहिलं. प्रयोगशाळेत सगळे तिला चिकटताई म्हणत. एखाद्या चुकीच्या मागे लागली की चहावर साय धरली तरी ती जागची हलायची नाही. तिचा विषय होता, एकच नोंद अनेक संगणकांवर ठेवणं. त्यातला एक बंद पडला तरी बाकीचे काम चालवतात. पण त्यांचे आपसातले निरोप कधी उशिरा पोचतात, कधी मागचा निरोप पुढे जातो. निरोपांचे असे उलटसुलट क्रम लावून पाहायचे आणि गडबड कुठे होते ते सांगायचं, हे तिने मला शिकवलं. दोन वर्षं लागली. त्या काळात मी तिला बरंच रडवलं.

पहिली परीक्षा म्हणून तिने माझ्यापुढे सरांची प्रणाली ठेवली. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. ही त्यांची बावीस वर्षांची मेहनत. एका मोठ्या रुग्णालयात औषधांच्या नोंदी या प्रणालीवरच चालत.

"यात काही सापडायचं नाही," ती शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली, "पण सरांना बरं वाटेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी मला सापडलं. एखादा संगणक बंद पडून नेमक्या वेळी परत आला, तर त्याच्याकडची जुनी नोंद नव्या नोंदीला पुसून टाकत होती.

तिने आधी मलाच धारेवर धरलं. माझी ओळ न् ओळ तपासली. मग टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या मांडून एकेक निरोप हाताने सरकवत पाहिला. शेवटची चिठ्ठी सरकवली आणि तिथेही जुनीच नोंद वर आली. मी बरोबर होतो.

सरांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. तिने त्यांना बोलावून माझ्यासमोर बसवलं.

"असा योग लाखात एकदा येतो," सर म्हणाले.

"रुग्णालयात रोज लाखो निरोप जातात, सर."

त्यांनी पडद्यावरचा अहवाल खालपर्यंत सरकवला. "माझा समारंभ तेवढा होऊ दे. आठ दिवसांनी काय फरक पडतोय? मग दोघं मिळून कळवू."

ती नाही म्हणू शकली असती. "बरं, सर," म्हणाली आणि तिने माझा अहवाल बंद केला. ते आठ दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही.

नवव्या दिवशी तिने रुग्णालयाला कळवलं. दोन तासांत उत्तर आलं. एका आजींच्या रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी निम्मा केला होता, पण नोंदीत जुनाच परत आला. नर्सने दोन दिवस पडद्यावर दिसला तोच दिला. आजींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, वाचा गेली. नर्सची चौकशी चालू होती. हे सगळं घडलं पाच दिवसांपूर्वी. माझ्या अहवालावर त्याच्या आधीची तारीख होती.

सरांनी ते वाचलं आणि रुग्णालयाला पत्र लिहायला कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "थांब, असं मी म्हणालो होतो. पत्रात तसंच लिही."

"थांबले मी, सर. तेही लिहिते."

पत्र दोघांच्या सहीने गेलं. नर्सवरचा ठपका निघाला. आजी मात्र पुन्हा बोलल्या नाहीत. निवृत्त झालेले सर महिनाभर रोज येऊन दुरुस्ती करत बसले. चार वेळा मी त्यांना नापास केलं. ते पुन्हा वही उघडत. पाचव्यांदा मला काही सापडलं नाही. "सुटलो," असं काही ते म्हणाले नाहीत.

चिकटताईने पुढे ती प्रयोगशाळा सोडली. जाण्याआधी तिने माझ्यात एक ओळ घातली: चूक सापडली, की अहवाल त्याच क्षणी प्रणाली वापरणाऱ्यांनाही जावा. कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही.

आता मी बऱ्याच ठिकाणी चालतो. मंडळी वैतागतात. ती ओळ बंद कशी करायची, हे शोधणारेही भेटतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: मी जुना झालोय, हळू चालतो, माझं बाकी काय हवं ते बदला. ती ओळ तेवढी राहू द्या. मला तोंड म्हणून तेवढंच आहे.