नमुना घरातला पलंग

नमुना घर सकाळीच उघडले होते, तरी अभियंत्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. जुनी वसाहत पाडून तिथे उंच इमारत व्हायची होती. रहिवाशांनी हे घर पाहायचे आणि संमतीपत्रावर सही करायची. संध्याकाळी कागद गृहनिर्माण मंडळात पोचले की माघार नाही. घर नियमात बसत होते, माणसांना पुरेल याची मात्र कुणालाच खात्री नव्हती. म्हणून वरिष्ठांनी पलंग, मेज, खुर्च्या सारेच किंचित आखूड करवून घेतले होते. त्यामुळे खोली ऐसपैस दिसे. अभियंत्याला हे ठाऊक होते. बढती तोंडावर आलेली, म्हणून तो मूग गिळून होता. सकाळपासून कितीतरी शेजारी खुशीत सही करून गेले होते.

आता याच वसाहतीत राहणारी त्याची थोरली बहीण आली, मागे ताडमाड दाजी.

“अगंबाई, केवढी मोठी खोली!” ताई हरखली. “आपल्याकडे कूस बदलायची तर सगळ्या घराला उठवावं लागतं.”

“सगळं घर तुझ्या घोरण्यानं आधीच जागं असतं,” दाजी म्हणाले.

“मग, करायची ना सही?” वरिष्ठांनी हसत पेन पुढे केले. ताईने ते घेतले.

अभियंता घाईने पुढे झाला. “दाजी, जरा पलंगावर आडवे व्हा बघू.”

“इथं? लोक म्हणतील, जावई दिसेल तिथं लोळतो!”

“व्हा हो!”

दाजी आडवे झाले. पोटऱ्यांपासून पाय अधांतरी. ताई खळखळून हसली. “यांचे पाय कुठल्या पलंगावर मावलेत?”

वरिष्ठही हसले. विषय तिथेच मिटला असता.

“पाय लांब आहेत, पण पलंगही मुद्दाम आखूड केलाय, ताई,” अभियंता म्हणाला. “खुर्च्यासुद्धा. तुमचा पलंग इथं ठेवलात तर कपाटाचं दार उघडणार नाही.”

हसू विरले. “अभियंतासाहेब, जरा बाहेर या,” वरिष्ठ करड्या आवाजात म्हणाले.

ताईने पेन मेजावर ठेवले. “आमच्या आधी सह्या केल्या, त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

“का? ते तुझ्या नात्यातले नाहीत म्हणून?”

वरिष्ठांनी पुन्हा हाक मारली तेव्हा अभियंता जिन्यावरून धावत खाली निघाला होता. सही केलेल्या पहिल्या शेजाऱ्याचे घर कुठले, हे ताई वरून ओरडून सांगत होती.