उचकी कोणाची?

"उचकी लागली की थांबायचं," सुखदा म्हणाली. "पुढचा एकही घास नाही."

"आणि नावं कोण घ्यायची?" हयवदननं विचारलं.

"कसली नावं?"

"उचकी लागली म्हणजे कोणी तरी आठवण काढतंय की. एकेक नाव घेत जायचं. बरोबर नावाला उचकी थांबते."

सुखदानं पेन खाली ठेवलं. हॉस्पिटलातली ही आहारतज्ज्ञ अठ्ठावीस वर्षांची, पुण्याहून दोनच वर्षांपूर्वी बेंगळुरूला आलेली. तिच्यापुढे रोज माणसं येत, पण मराठीतून वाद घालणारा पेशंट हा एकच.

"काका, तुमच्या केसमध्ये आठवण फक्त पोटाला बांधलेला बँड काढतो. वरचा छोटा कप्पा भरला की तो सिग्नल देतो. कोणाला शिंका येतात, कोणाचं नाक गळतं, तुम्हाला उचकी. लकी आहात तुम्ही. सिग्नलकडे दुर्लक्ष केलंत तर खाल्लेलं सगळं उलटून येणार. असं वारंवार झालं तर बँड सरकतो. मग परत ऑपरेशन."

"सरी," हयवदन म्हणाला. सरी म्हणजे कानडीतलं 'बरं'.

"काल काय काय खाल्लंत?"

"सकाळी मी अर्धी इडली खाल्लो. दुपारी मी एक वाटी डाळ खाल्लो."

"खाल्ली, काका. 'मी खाल्लो' म्हटलं की तुम्हालाच कोणी तरी खाल्ल्यासारखं वाटतं."

"चारशे वर्षं झाली आम्हाला या गावात येऊन," हयवदन शांतपणे म्हणाला. "कोणी तरी खाल्लंच असेल की."

सुखदा हसली आणि तिनं पुढच्या टप्प्याचा कागद त्याच्यासमोर सरकवला. लहान चमचा. घासाचा अगदी लगदा होईपर्यंत चावायचं. जेवताना पाणी नाही, पाणी अर्ध्या तासानं. आधी डाळी-कडधान्यं, मग भाजी, जागा उरली तर भात. 'जागा उरली तर भात' हे वाक्य हयवदननं दोनदा वाचलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं बरीच कठोर वाक्यं ऐकली होती. त्यातली काही तर त्याच्याच लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडच्यांनी उच्चारली होती. पण याच्या जवळपास येईल असं एकही नव्हतं.

"घरी सगळ्यांना सांगितलंय ना?" सुखदानं विचारलं. "फॅमिली सपोर्ट फार इम्पॉर्टंट असतो."

"सगळ्यांना सांगितलो."

हे खरं होतं. अक्का सोडून त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. सगळे म्हणजे विठोजी.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात हयवदन वजनकाट्यावर होता. तीस वर्षं त्याचं काम एकच. लॉरी आत येताना भरलेली तोलायची, बाहेर जाताना रिकामी तोलायची, आणि दोहोंतला फरक म्हणजे माल. विठोजी त्याच काट्यावरचा दुसऱ्या पाळीचा माणूस, आनेकलचा. दोघं पाळी बदलताना अर्धा तास गप्पा मारत, तेवढंच.

गेल्या उन्हाळ्यात एकदा हयवदन जेवून परतताना काट्याच्या लोखंडी फलाटावरून चालत आला. साठ टनी काटा, माणसाकडे तो एरवी लक्ष देत नव्हता, निदान हयवदनची तशी समजूत होती. पलीकडे उभ्या असलेल्या तमिळ ड्रायव्हरनं पाटीवरचा लाल आकडा मोठ्यानं वाचला, "एकशे चाळीस!" आणि खिडकीतून डोकं काढून अत्यंत आदरानं विचारलं, "अण्णा, हे भरलेलं वजन की रिकामं?"

सगळे हसले. हयवदनही हसला. पण मग केबिनच्या चार पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला, आणि तिसऱ्यांदा थांबला तेव्हा पायऱ्या संपल्या होत्या. साखर होतीच, गुडघे होतेच. डॉक्टर म्हणाले, पोटाला पट्टा बांधू. लॉरीवर ओव्हरलोड झाला की काय करतात हे हयवदनला ठाऊक होतं. तो "सरी" म्हणाला.

अक्काला मात्र सांगता आलं नाही.

अहल्या अक्का त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती अठराची आणि तो सहाचा. आई जाताना एकच वाक्य बोलली, "हयूला उपाशी ठेवू नको." पुढच्या वर्षी अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, आणि सकाळच्या पाळीला निघण्याआधी त्याच्यासाठी स्वयंपाक करून ठेवू लागली. तिला मागण्या येत होत्या त्या वर्षांत ती तांदूळ निवडत होती, आणि मान वर करून पाहिलं तेव्हा मागण्या येईनाशा झाल्या होत्या. याबद्दल तिची तक्रार कोणी ऐकली नाही. तांदूळ चांगले निवडलेले असत.

हयवदननं तिच्या ताटावर आजवर कधी 'नको' म्हटलं नव्हतं. शाळेतून आला की चार दोशे. नोकरी लागली त्या दिवशी नऊ पुरणपोळ्या. मुलीकडचे नाही म्हणाले त्या दिवशीही नऊ, कारण पुरण आधीच शिजलेलं होतं. तिनं वाढायचं आणि त्यानं खायचं, दोघांमध्ये बोलणं असं फारसं नव्हतंच. जे होतं ते हेच. आता तिनं वाढलं आणि त्यानं 'नको' म्हटलं, तर त्या दोघांमध्ये उरणार काय, याची त्याला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटत होती.

म्हणून आठ आठवडे त्यानं कारखान्यात ऑडिट लावलं. दर रविवारी ऑडिट. शेवटी अक्काचा फोन आला.

"हयू, अवरेकाळु आलेत बाजारात. रविवारी ये."

"अक्का, ऑडिट..."

"आठ आठवडे काय तोलतात रे ते? काटाच उचलून तोलतायत काय? ये तू. नाही तर मीच डबा घेऊन बोम्मसंद्र्याला येते."

बोम्मसंद्र्याहून अक्काकडे मल्लेश्वरमला मेट्रोनं यायचं तर मध्ये एकदा गाडी बदलावी लागते. पूर्वी हयवदनला दोन माणसांची जागा लागे. आज दीड पुरली. संपिगे रोडवरून चालताना त्याला पूर्वी जाणवला नव्हता तो एक वास येत होता. जरा वेळानं कळलं की तो सगळ्याच हॉटेलांचा मिळून येतो. पूर्वी कुठला तरी एकच वास आत ओढून नेई, त्यामुळे बाकीचे कळत नसत.

अक्कानं दार उघडलं आणि त्याला खालून वर पाहिलं.

"शर्ट कोणाचा घातलायस?"

"माझाच की."

"मग आतला माणूस कोणाचा?"

"ऑडिटची दगदग," हयवदन म्हणाला.

स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर सालींचा ढीग होता. अवरेकाळु म्हणजे इकडचा पावटा. रात्री भिजत घालायचा आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून बाहेर काढायचा. अर्धा किलो दाण्यांना दोन तास लागतात. अक्काची बोटं सत्तर वर्षांची होती, आणि ढीग अर्ध्या किलोचा नव्हता.

तिनं ताट वाढलं. सोललेल्या दाण्यांचं सारू, भात, वर तूप, कोशिंबीर, आणि एका बाजूला पुरणपोळी, अर्ध्यात दुमडून. ती वगराळं हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली. ती नेहमी तिथेच उभी राही. तिथून ताटात कुठे जागा झालीय ते दिसतं.

हयवदननं आधी दाणे घेतले. चमच्यानं.

"हात काय झाला?"

"काही नाही. चमच्यानं बरं पडतं."

त्यानं चावलं. चावत राहिला. दाणा मऊ होता, जिऱ्या-खोबऱ्याचा वास होता, आणि हयवदनच्या लक्षात आलं की आयुष्यभर आपण हे गिळत आलो. चव आज पहिल्यांदाच घेतोय. तिसऱ्या चमच्याला त्याचे डोळे भरून आले. पाचव्याला उचकी लागली.

"बघ! कोणी तरी आठवण काढतंय," अक्का खूश होऊन म्हणाली. छत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. कोण कोणाला बोलावतंय हे शोधणं तिचं कामच. "थांब, मी सांगते. अंबूबाई!"

अंबूबाई गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. पाण्याची एक घागर आणून दिली की खोबऱ्याची एक वडी. हयवदन रोज चार घागरी आणी. त्यांच्या घरात माणसं दोन होती.

उचकी.

"अंबूबाईंना जाऊन बावीस वर्षं झाली, अक्का."

"आठवण काढायला जिवंत कशाला असायला पाहिजे? ट्रंक कॉल समज. श्रीवत्स!"

श्रीवत्स मावसभाऊ. त्याच्याच लग्नात नवरदेवानं हयवदनशी पोळ्यांची पैज लावली. हयवदन अठरावर हसत होता आणि श्रीवत्स अकरावर मांडवामागे गेला. सप्तपदीचा मुहूर्त दहा मिनिटं पुढे ढकलावा लागला. भटजींनी कारण ग्रहांचं सांगितलं.

उचकी.

"तो नाही. रघुजी मास्तर?"

ड्रिलचे मास्तर. हयवदनला पळायला न लावता शिट्टी सांभाळायला देणारे एकमेव. उचकी.

अक्का एकेक नाव घेत गेली. वाण्यापासून वडिलांपर्यंत. प्रत्येक नावापाशी जरा थांबायची, कान देऊन, जणू पलीकडे घंटी वाजतेय. एकेक माणूस त्या स्वयंपाकघरात येऊन, काही तरी खाऊन किंवा खायला घालून, परत जात होता. त्यांतलं कोणीच आता उरलं नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण अशी एकत्र हजेरी बऱ्याच वर्षांत झाली नव्हती, आणि हयवदनला उचक्या लागत असूनही मजा येत होती.

मग अक्का थोडी थांबली आणि हळूच म्हणाली, "आई."

दोघांनी वाट पाहिली.

उचकी आली. मोठी.

अक्काच्या हातातलं वगराळं खाली आलं. "आईसुद्धा नाही?" ती म्हणाली. तिचा चेहरा अचानक अठरा वर्षांच्या, काही तरी चुकलेल्या मुलीसारखा झाला. "मी काय कमी केले रे?"

थापा मारायची हयवदनची तयारी चांगली होती. दात दुखतोय, उपास आहे, मेट्रोत काही तरी खाल्लं, तिन्ही तयार होत्या. पण या प्रश्नाला त्यातली एकही बसेना.

"अक्का, कोणी आठवण नाही काढत," तो म्हणाला. "पोटात पट्टा आहे."

"कसला पट्टा?"

"सिलिकॉनचा. डॉक्टर पोटाला वरच्या बाजूला बांधलेत. वर एवढासा खिसा राहतो. तो भरला की उचकी लागते. आईचा काही संबंध नाही."

"कापले?"

"चार-पाच भोकं. लहान."

"कधी?"

"आठ आठवडे झाले."

"म्हणजे ऑडिट ते."

"हो."

"सोबत कोण होतं?"

"विठोजी. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही पाहिजे होती."

"मग विठोजी कोण झाला तुझा?"

"चुलतभाऊ."

"आनेकलचा विठोजी? शनिवार-रविवार मटण खाणारा?"

"हॉस्पिटलात ते विचारत नाहीत, अक्का."

अक्का खाली बसली. बाहेरून भाजीवाल्याच्या स्पीकरवरची ध्वनिफीत कांदा-बटाटा ओरडत गेली.

"मला सांगितला नाहीस," ती म्हणाली. "मी नको म्हणाले असते म्हणून?"

"नाही ग. तू वाढणार आणि मी नको म्हणणार... ते मला जमलं नसतं."

"मीच तुझं असं केले काय?"

"अय्यो! तू कशाला? मी खाल्लो."

अक्कानं पदरानं नाक पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"उचकी थांबली?"

थांबली होती. हयवदननं मान हलवली.

"कोणाच्या नावाला?"

त्यानं आठवून पाहिलं. "विठोजीच्या."

अक्का हसायला लागली आणि हसता हसता रडली, की उलट, हे हयवदनला नीट कळलं नाही. मग तिनं त्याच्या ताटातली पोळी उचलून डब्यात ठेवली. "चुलतभावाला ने," ती म्हणाली. "आता अजून काय वाढू?"

"काही नाही. माझं झालं. आता संध्याकाळी."

अक्का ओट्यापाशी परत गेली, पण तिथे करण्यासारखं काही नव्हतं. तिनं एका भांड्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

"तू बस की जेवायला," हयवदन म्हणाला.

"मी नंतर."

"नंतर म्हणजे कधी? मी इथेच आहे."

ती जराशी घुटमळली. मग तिनं कोपऱ्यातलं लहान ताट घेतलं, भात वाढून घेतला आणि त्याच्यासमोर बसली. बावन्न वर्षांत अक्काला जेवताना आपण पाहिलेलं नाही, हे हयवदनच्या ध्यानात आलं. लग्नकार्यांतही ती बायकांच्या शेवटच्या पंगतीला असे, आणि तोवर तो झोपलेला असे. ती लहान घास घेत होती, डाव्या बाजूनं चावत होती. उजवीकडच्या दाढा नव्हत्या. कधी गेल्या, कोणास ठाऊक.

"सारू नाही घेतलीस?"

"मला नाही आवडत."

"काय? अवरेकाळु?"

"त्याचा वास सोसत नाही मला. लहानपणापासून."

हयवदननं वर्तमानपत्रावरच्या सालींकडे पाहिलं. मग अक्काकडे. ती खाली पाहून भाताला बोटांनी आळं करत होती.

"मग तू काय खातेस?"

"ताक-भात. बरा असतो."

तो उठला. ताकाचं पातेलं कुठे असतं हे त्याला शोधावं लागलं. वगराळं ताकात बुडवून त्यानं ढवळलं आणि तिच्या ताटाशी येऊन वाकला.

"किती वाढू?"

"स्वल्प," अक्का म्हणाली.

म्हणजे किती, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं वगराळं हळूहळू तिरकं केलं, थोडी धार सोडली आणि थांबून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अक्का हात तसाच आळ्याशी धरून वाट पाहत होती.