येशूला बोललेला कोंबडा

गुरुवारी सकाळी नऊ वाजता वसुंधरा साळवेच्या दारात एक कोंबडा आला. आला म्हणजे चंद्रावतीमावशीच्या काखेतून आला, पाय सुतळीने बांधलेले आणि एकंदर प्रकारावर भलताच नाराज. मावशीच्या दुसऱ्या हातात पिशवी होती. पिशवीत पाच नारळ, अगरबत्तीचा पुडा आणि पेढे. दोन जिने चढून मावशीला धाप लागली होती, पण तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बाय, तुझा देव कुठं बसतो गो? नवस फेडाया आले."

वसुंधरा दारातच खिळली. आता सांगा, काय उत्तर द्यायचं ह्यावर? साळव्यांच्या न्यू पनवेलच्या त्या दोन खोल्यांत देव बसायला देव्हारा नव्हता. भिंतीवर एक लाकडी क्रूस होता, शेजारी कॅलेंडर आणि कॅलेंडरच्या खिळ्याला लाइटची बिलं. मावशीने क्रूसाकडे बघितलं, बिलांकडे बघितलं आणि विचारलं, "हितं फोडू नारळ, का खाली जमिनीवर?"

"मावशी, आधी बसा तरी. कसला नवस?"

"कसला म्हंजे? मनस्वीचा!"

चंद्रावतीमावशी शेजारच्या विचुंबे गावची. एक दिवसाआड डोक्यावर पाटी घेऊन ह्या बिल्डिंगींमध्ये भाजी विकायला यायची. ह्या बिल्डिंगी ज्या शेतांवर उभ्या राहिल्या त्यातला एक तुकडा तिच्या सासऱ्याचा होता, आणि भेंडीचा भाव पाडून मागणाऱ्या बायकांना हे सुनवायला ती कधी विसरत नसे. वसुंधरा भाव करत नसे, म्हणून तिच्यावर मावशीचा जीव.

तीन आठवड्यांपूर्वी मावशी अशीच आली होती, पण पाटी नव्हती. खांद्यावर पाच वर्षांची नात, मनस्वी. पोर तापाने नुसती फणफणलेली. दहा दिवस डॉक्टरची गोळी चालू होती, भगताचा अंगारा झाला, गावदेवीला ओटी झाली. डॉक्टरकडून परत जाताना मावशी पाणी प्यायला वर आली आणि एकदम म्हणाली, "तुमच्यात डोस्क्यावर हात ठेवून मागतात म्हणं. माग की, बाय."

नाही कसं म्हणायचं? वसुंधराने पोरीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ चटका बसेल इतकं गरम. तिकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, लेकीची, अनुयाची, शाळेची वेळ झालेली. वसुंधराने डोळे मिटले आणि पाठ असलेलं म्हटलं, "हे प्रभू, ह्या लेकरावर दया कर, येशूच्या नावाने मागते, आमेन." अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. तिसरी शिट्टी झाली आणि ती गॅसकडे धावली. खरं सांगायचं तर तिचं सगळं लक्ष डाळीत होतं.

चौथ्या दिवशी पोरीचा ताप उतरला, आठव्या दिवशी पोर अंगणात खेळायला लागली. आणि प्रार्थनेच्या त्या दिवशी आपण मनात येशूला एक कोंबडा आणि पाच नारळ बोललो होतो, हे मावशी आत्ता सांगत होती.

"अहो, आमच्यात नवस नसतो," वसुंधरा म्हणाली.

"तुमच्यात नसंल. पन मी बोलले ना? बोलले म्हंजे द्यायाच लागतं. ठेवून घेतला तर नवस उलटतो गो. पोरीवर उलटतो."

हे म्हणताना मावशीचा आवाज एकदम खाली गेला. नाही म्हणावं आणि उद्या त्या पोरीला साधी सर्दी झाली, तरी बोट आपल्याकडेच. हो म्हणावं, तर आपण कोण? देवळाचे गुरव? शेवटी ती कसंबसं म्हणाली, "ह्यांना विचारते. शनिवारी संध्याकाळी या."

मावशी गेली, पण कोंबडा गेला नाही. नवसाचा कोंबडा घरी परत नेत नाहीत म्हणे. त्याला गॅलरीत धुण्याच्या मोरीपाशी बांधलं, अनुयाने त्याला तांदूळ घातले, आणि शुक्रवारी पहाटे चार वाजता त्याने अख्ख्या सेक्टरला जागं केलं.

वसुंधराचा नवरा, कमलाकर साळवे. रसायनीला एका कंपनीत स्टोअर्समध्ये कामाला, माणूस सरळ, आणि प्रार्थनेला एक नंबर. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत तो देशाच्या राष्ट्रपतींपासून सुरुवात करायचा ते बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीपर्यंत यायचा, आणि कुठे अडखळायचा नाही. अनुया तेवढ्यात एक डुलकी काढून घ्यायची. मनस्वी बरी झाल्याचं कळलं तेव्हा कमलाकरला आकाश ठेंगणं झालं. त्याने दुसऱ्याच दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, आणि पाळकसाहेबांनी ठरवूनही टाकलं, की येत्या रविवारी उपासनेत साळवेबाईंनी उभं राहून साक्ष द्यायची. आपल्या मंडळीत एवढी मोठी गोष्ट झाली, ती सगळ्यांना कळायला नको? मंडळी म्हणजे चाळीस माणसं, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमणारी. पण उभं राहायचं म्हणजे राहायचंच.

कोंबडा बघून मात्र कमलाकरची पंचाईत झाली.

"नवस घ्यायचा नाही. साफ नाही. आपल्याला चालत नाही."

"आणि परत दिला तर तिच्या जिवाला घोर लागेल त्याचं काय?"

"मग ठेवू. पण कापायचा नाही."

"का?"

कमलाकर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसला. तासभर पानं उलटली. मूर्तीला दाखवलेलं मांस खावं का न खावं, ह्यावर तिथे भरपूर लिहिलेलं होतं. पण खुद्द येशूलाच बोललेला कोंबडा असेल तर काय करावं, ह्यावर एक अक्षर नव्हतं. शेवटी चष्मा काढून तो म्हणाला, "पाळकसाहेबांना विचारू. तू आधी साक्षीची तयारी कर. चार ओळी लिहून काढ."

चार ओळी! वसुंधरा शुक्रवारी दुपारी वही घेऊन बसली. 'माझ्या प्रार्थनेने' एवढं लिहिलं आणि खोडलं. 'प्रभूने माझं ऐकलं' लिहिलं, आणि तिचा हात थांबला. ह्या एका वाक्यावर ती दुपारभर बसून राहिली. ऐकलं? मग तेव्हा काय कान बंद होते?

इंद्रजीत, तिचा मुलगा, चार वर्षांचा होता. तेव्हा ते नगरला राहायचे. त्यालाही असाच ताप आला आणि मेंदूत गेला. वसुंधराने प्रार्थना केली नव्हती असं नाही. तीन दिवस, तीन रात्री. अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. मंडळीतल्या बायका पाळीपाळीने येऊन गुडघे टेकत होत्या. चौथ्या दिवशी इंद्रजीत गेला. कबरस्तानातून परत येताना कमलाकर एकच बोलला होता, "प्रभूची इच्छा." त्यानंतर त्याने बदली मागून घेतली, ते पनवेलला आले, आणि सहा वर्षांत त्याच्या तोंडून मुलाचं नाव निघालं नाही. तिच्याही नाही. घरात फोटो नव्हता. संध्याकाळची प्रार्थना मात्र एक दिवस चुकली नव्हती. वसुंधरा डोळे मिटून बसायची, आमेन म्हणायची, आणि आत काहीही नसायचं. ह्याचा कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याचा इतका विश्वास, त्याला हे सांगून तो कशाला मोडायचा, असं म्हणून ती गप्प राहिली.

आणि आता हे! जीव ओतून मागितलं तेव्हा मुलगा गेला, आणि डाळीत लक्ष ठेवून पुटपुटलं तर दुसऱ्याची पोर बरी झाली. ही काय चेष्टा आहे? रविवारी उभं राहून प्रभूने माझं ऐकलं म्हणायचं म्हणजे चाळीस माणसांसमोर खोटं बोलायचं. आणि खरं असलं तर ते खोट्यापेक्षा वाईट. तिला राग येत होता, आणि रागाची लाजही वाटत होती. पोर बरी झाली ह्याचा आनंद होताच. तो काय खोटा होता? तिचं तिलाच कळेना.

शनिवारी पाचच्या सुमाराला मावशी आली. सोबत मनस्वी, डोक्याला तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. पोर थेट गॅलरीत कोंबड्याकडे पळाली. अनुया तिच्यामागे गेली.

"काय ठरलं, बाय?"

वसुंधराने मावशीला जमिनीवर बसवलं, स्वतःही समोर बसली. दोन दिवस तिने शब्द जुळवले होते, ते सगळे पळाले.

"मावशी, मी त्या दिवशी काही मागितलंच नाही. तोंडाने बोलले फक्त. माझं लक्ष कुकरकडे होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मी तुम्हाला फसवलं. हा नवस माझ्या दारात नाही फेडायचा."

तिला वाटलं, आता मावशी चिडेल, उठेल. मावशीने पदराने तोंड पुसलं.

"म्हाईत हाय मला. माझे डोळे काय फुटले व्हते? तुझा एक कान सगळा वेळ चुलीकडं."

"मग?"

"मग काय! तू बोलत व्हतीस, मागत मी व्हते. मना बोलाया येत नाय तुमच्या देवाशी, म्हनून तुझं तोंड घेतलं. तुझं ध्यान डाळीत व्हतं तर असू दे. माझं पोरीत व्हतं. आईवानी मागितलं की देव आयकतो गो, कंचा पन देव असू दे."

मावशी किती मायेने बोलली होती! पण ते वाक्य वसुंधराला कानफटात बसल्यासारखं लागलं.

"आईसारखं?" ती म्हणाली. आवाज चढला ते तिचं तिला कळलं नाही. "मी नव्हते का आई? मी नव्हतं मागितलं?"

"कुनासाठी, बाय?"

"इंद्रजीतसाठी!"

नाव बाहेर पडलं आणि मग काही आवरेना. मावशीकडे पाठ करून, भिंतीवरच्या त्या क्रूसाकडे बोट करून ती बोलत सुटली. "तीन रात्री मागितलं तुझ्याकडे. पाणीसुद्धा प्याले नव्हते मी. ह्यांची नात बरी केलीस, चांगलं केलंस, मी नाही म्हणत नाही. पण माझा का नेलास? माझा इंद्रजीत का नेलास? काय चुकलं होतं माझं? सांग की! एवढं सगळं ऐकतोस ना, मग आता बोल!"

गॅलरीतून पोरी डोकावल्या. वसुंधराने तोंडावर हात दाबला. हे काय करून बसलो आपण? देवाला जाब विचारला, बोट रोखून, तेही परक्या बाईसमोर! ती शरमून मावशीकडे वळली. "माफ करा. असं बोलू नये."

"का नाय बोलू?" मावशीने तिचा हात धरून खाली बसवलं. "आमी तर भांडतो देवाशी. माझा पोरगा धर्मराज खाडीत बुडाला तेव्हा मी गावदेवीच्या दारात बसून तिला शिव्या घातल्या, सगळ्या गावानं आयकल्या. दुसऱ्या दिशी परत गेले दिवा लावाया. जानार कुठं? भांडन घरच्याशीच करतो ना मानूस."

वसुंधरा रडायला लागली. मावशी पाठीवरून हात फिरवत राहिली. दोघींपैकी कुणालाही जिन्यावरचे पाय ऐकू आले नाहीत. मावशीनेच आधी मान वर केली आणि म्हणाली, "साहेब आलं गो."

कमलाकर उघड्या दारात उभा होता, हातात डबा. किती वेळ उभा होता कोण जाणे. सहा वर्षं जपलं ते सगळं एका मिनिटात मातीत गेलं. आता तो रागावेल, नाहीतर डोळे मिटून तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना सुरू करेल. ती दुसरी गोष्ट आत्ता तिला सहन झाली नसती.

तो आत आला. बूट न काढताच तिच्या शेजारी फरशीवर बसला. त्याने क्रूसाकडे बघितलं. तोंड उघडलं. राष्ट्रपतींपासून पाण्याच्या टाकीपर्यंत न अडखळणारा माणूस, त्याला एक शब्द फुटेना.

"इंद्रजीत," शेवटी तो म्हणाला. "मलाही हेच विचारायचं होतं."

वसुंधरा त्याच्याकडे वळली. "मग अहो, सहा वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मी बोललो तर तुझा विश्वास जाईल," कमलाकर म्हणाला. "तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना म्हणत होतो."

"आणि तुमच्यासाठी मी रोज आमेन म्हणत होते," वसुंधरा म्हणाली.