अडखळली तर

"आम्रे, शील नुसतं तोंडानं म्हणू नकोस. हातानंही पाळ."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तरी सकाळी बुद्धमूर्तीपुढं पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी आम्रपालीबाईंना तिचा हा आवाज हमखास ऐकू येई.

विश्रांतवाडीच्या शाळेत त्या चौथीला शिकवत. खोटं त्या बोलत नसत. पण प्रगतिपुस्तकं भरताना, बुधवार पेठेतून आणलेलं तयार नोंदींचं पुस्तक उघडून त्यातली वाक्यं उतरवत. सगळेच उतरवत.

निकालाच्या दिवशी दीपमालाची आजी, इंदुबाई, टेबलापाशी आली. "बाई, काय लिवलंय? पोरीला वाच म्हनलं, तर म्हनती बाईंनाच विचार."

बाईंनी वाचलं, "उतारा स्पष्ट व अस्खलित वाचते."

दीपमाला हळूच म्हणाली, "बाई, ते दुसऱ्या कुणाचं असेल. मला जोडाक्षरं येत नाहीत."

"अगं, धडे तर घडाघडा म्हणतेस!"

"मैत्रिणीचे ऐकून पाठ करते. पुस्तक नुसतं उघडं ठेवते."

शेजारच्या टेबलावरून श्रीधर सर म्हणाले, "अहो बाई, नोंद आहे ती, कोर्टातली साक्ष नव्हे. पुढचं कार्ड घ्या."

बाईंचा हात पुढच्या कार्डाकडे गेलासुद्धा. मग थांबला. जूनमध्ये ही पोर मोठ्या शाळेत जाणार, हेच कार्ड घेऊन. तिथं तिला खरंच वाचता येतं का, हे कोण विचारणार होतं?

"आजी, चूक माझी. न तपासता लिहिलं मी. हिला अजून नीट वाचता येत नाही."

इंदुबाईनं नातीकडे बघितलं. "मंग आता?"

"सुट्टीत शिकवीन. रोज सकाळी, तुमच्या घरी येऊन."

"सुट्टीत कोन येतंय, बाई!"

बाईंनी कार्डावरच्या त्या वाक्यावर रेघ मारली, खाली नवं लिहिलं, सही केली आणि दीपमालाला एकेका शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं: "जोडाक्षरांपाशी अडखळते. अडखळली तर खरं सांगते."

"हे चांगलं आहे की वाईट?" तिनं विचारलं.

"दुसरं वाक्य फार चांगलं आहे, बाळा."

सुट्टीच्या पहिल्या सकाळी बाईंनी पाचही शीलं सावकाश म्हटली. पिशवीत पाटी आणि मोठ्या अक्षरांचं गोष्टीचं पुस्तक टाकलं, डोक्यावर पदर घेतला आणि ऊन तापायच्या आत इंदुबाईच्या गल्लीकडे चालू लागल्या.