आराखड्यातली गोल खिडकी

सुतारकाकांनी पन्नास वर्षं जुन्या आराखड्यावरून शिडाची नवी लाकडी होडी बांधायला घेतली, तेव्हाच मालकाला बजावलं, "आराखड्याबाहेर एक खिळा जाणार नाही." केबिनच्या एकुलत्या एका गोल खिडकीने त्यांना आठवडाभर घाम फोडला, पण शेवटी ती जमली.

होडी पुरी झाल्यावर आराखडा काढणाऱ्याची म्हातारी बायको बघायला आली. खिडकीपाशी थबकून तिने आराखडा मागितला, आणि जी हसत सुटली!

"अहो, खिडकी कसली? हा आमच्या ह्यांच्या चहाच्या कपाचा डाग! कागदावर कप ठेवू नका म्हणून कितीदा भांडले मी!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. "बुजवून टाकतो, मावशी."

"खबरदार!" खिडकीतून बाहेर डोकावत म्हातारी म्हणाली. "उजेड छान येतोय."