मागची तारीख

सायप्रसमधल्या लिमासोलच्या एका वकिलाच्या कचेरीत मी सत्तावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी मालकीण म्हणून. हसू नका. रशियातला कुणी पैसेवाला आला की त्याच्यासाठी कंपनी निघायची आणि कागदावर नाव लागायचं माझं, मिरोफोराचं. टेकडीवरचे बंगले माझे, बंदरातली बोट माझी, आणि घरी जायचं बसने! आमच्या गावात अशा श्रीमंत कारकुनिणी पैशाला पासरी. सही करायची, वाचायचं नाही.

मग युक्रेनवर हल्ला झाला. हल्लेखोरांच्या बड्या धेंडांची मालमत्ता गोठवायची असं युरोपने ठरवलं. पुढेमागे त्यातून युक्रेनला मदत द्यायची बोलणीही सुरू झाली. यादीत आमचा एक बंगलेवाला निघाला. झेनोन वकिलाने कागद पुढे सरकवला. बंगला लढाईच्या आधीच मेहुण्याला विकला होता असं दाखवायचं, तारीख मागची टाकायची. मी जन्मात पहिल्यांदा कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मिरो, तुझ्या लोइझोला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मी उचललंय," झेनोन म्हणाला. "त्याच्या धर्मबापाला नाही म्हणतेस?"

सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, मुलाच्या धर्मबापाला नाही. केली सही. पुढे सरकारी माणूस आला, त्याच्यासमोर बायबलवर हात ठेवून तारीख खरी आहे असंही सांगितलं. बंगला सुटला. आणि माझी सून यारिना युक्रेनमधल्या खार्किवची! मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी मनाची समजूत घातली.

जूनमध्ये यारिनाची आई आली, हालिना. नवरा मार्चमध्ये इमारतीखाली गाडला गेला होता. रविवारी जेवायला बसलो, तर विहीणबाईंनी माझे दोन्ही हात धरून त्यांचे मुके घेतले. यारिनाने सांगितलं, आई आभार मानतेय, तुम्ही लोकांनी त्यांचे बंगले बंद केलेत, त्यातून आमचे दवाखाने उभे राहतील. लोइझो कौतुकाने म्हणाला की आमची आई त्याच कामात आहे. हालिनाने द्राक्षाच्या पानांत भरलेला भात आधी माझ्या ताटात वाढला.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी माणसाला. मी सगळं बोलून टाकलं. लोइझो म्हणाला, गप्प बस. यारिना पांढरीफटक पडली.

"सांग तिला," मी म्हटलं. "एक शब्द गाळू नकोस."

यारिनाने सांगितलं. हालिना रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, कुठली तारीख टाकलीत?

"वीस जानेवारी."

ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. यारिनाने ताटाकडे बघतच मला सांगितलं.

"आई म्हणते, वीस जानेवारीला बाबा जिवंत होते. तसा एखादा कागद त्यांच्यासाठी करता येईल का?"

टोमणा असता तर मी उलट बोलले तरी असते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.